बेंबीतली शांतता

नेहेत्यांच्या घरात बाळाची नाळ पडत नव्हती आणि त्यापायी बारसं अडून बसलं होतं.

फैजपुरातल्या या घराची रीत अशी, की नाळ पडल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. बेंबीला तो तुकडा आहे तोवर बाळ अर्धं तिकडचं. अर्ध्या माणसाला पूर्ण नाव कसं द्यायचं, असा सरळ हिशेब. एरवी आठ-दहा दिवसांत सुकून गळणारी ही वस्तू. पण या मुलीची नाळ महिना उलटला तरी वाळल्या मिरचीच्या देठासारखी जागच्या जागी होती. सासूबाईंनी, म्हणजे प्रमिलाबाईंनी, आधी काळजी केली. मग शेजारणी काळजी करू लागल्या तशी त्यांनी आपली थांबवली आणि त्या गोष्टीचा शुभशकुन करून टाकला. चिवट नाळेच्या पोरीला माहेर सुटत नाही, जावईच घरी राहायला येतो, असं त्या सांगू लागल्या. हा शकुन पूर्वी कुणी ऐकला नव्हता. पण प्रमिलाबाई भजनी मंडळाच्या अध्यक्ष असल्यामुळे दुपारपर्यंत तो पुरातन झाला.

शिवाय पोर गुणी. लस टोचली तेव्हा जेमतेम कुरकुरली आणि नंतर ताप म्हणून आला नाही. दंडावर जिथे गाठ यायची तिथे काही आलं नाही. गल्लीतल्या बाया येऊन बघत आणि आपापल्या नातवंडांकडे नापसंतीने पाहत घरी जात.

बाळाची आई कृतिका या कौतुकात फारशी बोलत नसे. तिचा धंदा खापरावरच्या मांड्यांचा. उपड्या मडक्याखाली जाळ करायचा, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि अलगद त्या तापल्या खापरावर टाकायचा. खानदेशातली लग्नं आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यावर उभी असतात, नवरा-नवरी निमित्त. हा उद्योग ज्या हातांवर चालतो ते कृतिकाचे हात तिशीच्या अलीकडेच संधिवाताने वाकायला लागले. सकाळी मूठ उघडेना. तिचा नवरा हर्षल केळी पिकवायचं चेंबर चालवतो. तो कामावर जाण्याआधी तिची वेणी घालून देई. वेणी केळीच्या घडासारखी दिसायची, पण घरात कुणी हसत नसे, यावरून दुखणं किती असेल ते समजावं.

मग 'प्रशम' आलं.

प्रशम कळायचं तर आधी सूज कळायला हवी. तिला आपण उगाच आजार समजतो. बोटात काटा मोडला की तिथल्या पेशी ओरडतात. ती ओरड ऐकून जवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्यांच्या भिंतींना आतून आकडे फुटतात. रक्तातून वाहत चाललेल्या पांढऱ्या पेशी त्या आकड्यांना अडकतात, गडगडत थांबतात आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. बाहेर जंतू दिसले की गिळतात, आणि बहुतेक तिथेच मरतात; त्यांच्या मढ्यांना आपण पू म्हणून नाकं मुरडतो. मागून थोराड पेशी येतात. त्या मढी आणि मोडतोड खाऊन जागा साफ करतात आणि नव्या बांधकामाला हुकूम देतात. लाली, ऊब, फुगवटा, ठणका हा सगळा या कामाचा गलका. संधिवातात हीच फौज कुणी ओरडलेलं नसताना आपल्याच सांध्यांवर चालून जाते.

प्रशमवाले रोग्याच्याच काही पेशी काढत, एका माणसाळवलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवी शिकवण घालत आणि परत अंगात सोडत. या पेशी जिथे गलका होईल तिथे जात आणि सगळ्यांना गप्प करत. भिंतींना आकडे फुटत नसत, फौज रस्त्यावरूनच पुढे निघून जाई. गलका मोठा असला तर त्या तिथेच आपली संख्या वाढवत. लोक त्यांना शांतता समिती म्हणत. गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात बसते तशीच. फरक एवढाच, की ही समिती खरोखर काम करायची.

उपचार आयुष्यात एकदाच होई. दुसऱ्यांदा तो विषाणू दिसला की शरीर त्याला ओळखून दारातूनच हाकलतं. आणि समिती फार शिरजोर झालीच तर तिला बरखास्त करायची एक गोळी होती. ती घेतली की समितीचा एकूण एक सभासद मरतो. कंपनीने तिचं नाव 'विसर्जन' ठेवलं होतं, कारण पुढल्या वर्षी लवकर या म्हणायची सोय नव्हती.

कृतिकाचे हात सरळ झाले. बदल्यात तिने थोडं काही दिलं. खापराचा चटका बसला तर बसल्या क्षणी कळे, पण नंतर तो लाल होत नसे, फोड येत नसे आणि बरा व्हायला फार वेळ घेई. रोज अंग तपासायचं, जखम धुवायची, एवढं पथ्य. ते परवडण्यासारखं होतं. गरोदर राहिली तेव्हा तिने प्रशमच्या केंद्रात विचारलं, तर काळजीचं कारण नाही असं सांगण्यात आलं. गरोदर बायकांवर प्रयोग करायचे नाहीत, हा नियम चांगलाच. त्यामुळे काळजीचं कारण आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या कारणाला कंपनीच्या भाषेत 'नाही' म्हणतात.

बारसं दोनदा पुढे ढकललं. मग बाळाची आत्या सुरतेहून आली. बारशाला आत्या लागते आणि आत्याला रजा मिळत नाही. तिसऱ्यांदा तारीख हलवणं शक्य नव्हतं. आत्या आली त्याच सकाळी, कृतिका न्हाणीत असताना, नाळ पडली. प्रमिलाबाईंनी स्वतःच ती तुळशीपाशी पुरली. दुपारी आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव ठेवलं 'मैथिली', आणि पाठीवर ठरलेले धपाटे खाऊन संध्याकाळच्या गाडीने गेली.

चारेक दिवसांनी मैथिलीने दूध ओढायचं कमी केलं.

रडली नाही, तापली नाही. नुसती ढिली पडली. कृतिकाने उचललं तर हातपाय ओल्या पंच्यासारखे लोंबले. बेंबीभोवतीची कातडी राखेच्या रंगाची झाली होती. भुसावळला डॉक्टर रेहाना तडवी यांचं लहान मुलांचं हॉस्पिटल आहे. हर्षलने केळीच्या गाडीतून तिघींना तिथे नेलं.

डॉक्टर तडवी मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, सलाईनमधून जंतूंवरचं औषध सुरू केलं आणि रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला तो वाचून त्या पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या. सूज मोजायची चाचणी अगदी निरोगी. पांढऱ्या पेशी मात्र नेहमीच्या कितीतरी पट. हमरस्त्यावर पोलिसांचे ट्रकचे ट्रक आणि जळत्या गल्लीत एक शिपाई नाही, असा प्रकार. हर्षलला हे बरं वाटलं. फौज आहे म्हणजे चांगलंच ना, असं त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, की ती बाहेर उतरत नसेल तर तिचा उपयोग फक्त संचलनाला.

त्यांच्या डोक्यात एक जन्मजात आजार होता. काही मुलांच्या पांढऱ्या पेशींना भिंतीचे आकडे पकडताच येत नाहीत. त्या मुलांना पू होत नाही, जखम भरत नाही, आणि त्याची सगळ्यात पहिली खूण जगात येताच दिसते. कारण नाळ गळते तीसुद्धा याच पेशी तिचा सांधा कुरतडतात म्हणून. डॉक्टरांनी फाईलवरून मान वर न करता विचारलं, "नाळ कधी पडली?"

"वेळेवर," प्रमिलाबाई म्हणाल्या.

कृतिकाने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या घरात सासूचं बोलणं परक्यासमोर खोडत नाहीत. खोडायचं तर घरी, स्वयंपाकघरात, भांडी जरा जोरात ठेवून. शिवाय नाळेचं काय एवढं, पडली ना. तिने पदर सारखा केला आणि गप्प राहिली.

डॉक्टरांनी तो आजार यादीतून खोडला आणि दुसऱ्या वाटेने शोध सुरू केला. त्यात दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. राख बोटभर वर सरकली होती. पेटीवरच्या यंत्राचा पडदा मात्र शांत हिरवा. त्याला ताप दिसत नव्हता, त्यामुळे त्याच्या मते मुलगी वॉर्डातली सगळ्यात सुखी व्यक्ती होती.

डॉक्टर बेंबी पाहायला वाकल्या. काठाशी त्यांना काहीतरी खटकलं. गळालेल्या नाळेची जागा अशी दिसत नाही, असं त्या पुटपुटल्या, आणि त्यांनी कालचाच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी कृतिकाकडे बघून.

"महिना उलटून गेला तरी पडली नव्हती," कृतिका म्हणाली. "काल मी बोलले नाही."

प्रमिलाबाई भिंतीकडे बघत होत्या. हर्षलने "आई?" एवढंच म्हटलं.

"पाहुणे यायचे होते," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "पडतच आलेली होती. सुताचा दोरा बांधून ओढून घेतला, आणि उरलं ते कात्रीने. गरम पाण्यात धुतली होती कात्री. माझ्या सासूनेही एकदा असंच केलं होतं. पोर रडली नाही वं माय. रडली असती तर मी थांबले असते."

हे शेवटचं वाक्य खरं होतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना तेच जास्त लागलं.

डॉक्टरांनी कुणाला दोष दिला नाही. त्यांना वेळ नव्हता. त्यांची नजर कृतिकाच्या मनगटावर थांबली होती. तिथे एक चटका होता, नीट धुतलेला, कडेला लालीचा मागमूस नसलेला. कधीचा, त्यांनी विचारलं. बाळंतपणाआधी एका लग्नाचे मांडे केले तेव्हाचा, कृतिकाने सांगितलं. आणि मग प्रशमचं सांगितलं. डॉक्टर खुर्चीवर बसल्या. कालपासून त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

आईच्या काही पेशी वार ओलांडून बाळात जातात आणि तिथे वर्षानुवर्षं राहतात. बाळाचं शरीरही त्यांना घरच्या म्हणून खपवून घेतं. हे विज्ञानाला जुनं ठाऊक होतं. त्या पेशींबरोबर समितीचे काही सभासद गेले असणार. जन्मणं हा तर केवढा मोठा गलका. तिथे त्यांनी आपली संख्या वाढवली. कृतिकाच्या अंगात ही समिती एका शहरासाठी नेमलेली होती. मैथिली म्हणजे चार घरांची वाडी. तिथे आता घरोघर सभासद बसले होते आणि आग लागली तरी कुणाला ओरडू देत नव्हते. प्रशमच्या पेशींवर कंपनीची खूण असते. डॉक्टरांनी बाळाच्या रक्तात ती खूण तपासून घेतली. होती, आणि भरपूर होती.

"म्हणजे ती गोळी बाळाला द्यायची," हर्षल म्हणाला. तो हिशेबी माणूस.

ते जमणार नव्हतं. गोळी फक्त जळगावच्या केंद्रात मिळे, ज्याच्या नावची असेल त्याच्या अंगठ्यावर मिळे, आणि त्यानेच तिथे, त्यांच्या समोर, गिळायची असे. डॉक्टरांनी फोन लावला. पलीकडच्या आवाजाने अत्यंत आदराने सांगितलं, की एक वर्षाखालच्या बाळांवर विसर्जनाच्या चाचण्या झालेल्या नाहीत. तसा अर्ज केल्यास नैतिकता मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. शिवाय कुमारी मैथिली यांची प्रशमधारक म्हणून नोंद नसल्याने त्यांच्याकडील पेशी कोणत्या आधारे वापरात आहेत, हा वेगळा मुद्दा उपस्थित होतो. डॉक्टरांनी फोन ठेवला. हर्षलने मुंबईचं विचारलं. मुंबईला पेट्या चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या, पण गोळी तीच आहे आणि फोनवरचा आवाजही तोच आहे. आणि हे पोर प्रवासाला टिकेल असं मी सांगू शकत नाही. राख फार तर एखादा दिवस थांबेल.

मग त्यांनी कपाटातून कंपनीने डॉक्टरांना वाटलेलं गोळीचं माहितीपत्रक काढलं, बारीक अक्षरातलं, घडीवर घडी घातलेलं, आणि चष्मा पुसून वाचून दाखवलं: "हे औषध आईच्या दुधात उतरते. औषध घेतलेल्या मातांनी बाळास स्तनपान देऊ नये."

त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं सावकाश.

"मी फक्त वाचून दाखवतेय," त्या म्हणाल्या. "सल्ला देत नाही. दुधात किती उतरतं, बाळाला किती पोचतं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आणि समिती उठली की दबलेलं सगळं एकदम उसळेल. तेही सोपं नसतं."

व्हरांड्यात हर्षलने कृतिकाला गाठलं. तो बराच वेळ भलतंच बोलत राहिला, चेंबरचं, गाडीच्या डिझेलचं. मग त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. बाकावर आई बसली होती, आणि आईसमोर त्याने असं कधी केलं नव्हतं.

"तुला आठवत नसेल. मला आठवतं. मूठ उघडायची नाही तेव्हा तू रडायचीस ते मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडायचीस," तो म्हणाला. "दुधातून नाहीच उतरलं तर? पोर पण जाईल आणि हात पण."

"उतरलं नाही तर हात काय करायचेत?"

"असं तोडून बोलू नको."

"मग जोडून सांगते," ती म्हणाली. "या गप्प बसणाऱ्या माझ्या पेशी आहेत. मीच तिला दिल्यात. परत मीच बोलवायच्या. तू गाडी काढ."

त्याने गाडी काढली. जळगावच्या केंद्रात भिंतीला आकाशी रंग आणि बासरीचं रेकॉर्ड होतं. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, की प्रशमने समाधान झालं नाही का. कृतिकाने सांगितलं, समाधान झालं, फार झालं. अंगठा टेकवला, खरंच रद्द करायचं आहे का या प्रश्नाला पडद्यावर तीनदा हो म्हटलं, पाण्याबरोबर गोळी गिळली आणि जीभ वर करून दाखवली. मुलगी म्हणाली, की चोवीस तास अंगावर पाजू नये. कृतिका म्हणाली, ते आम्हाला दोनदा वाचून दाखवलंय.

मैथिलीला ओढायची ताकद नव्हती. कृतिकाने दूध वाटीत पिळून काढलं आणि परिचारिकेने नाकातल्या नळीतून ते थेंब थेंब सोडलं. दर दोन तासांनी वाटी. डॉक्टर दर फेरीला यायच्या, वाटीकडे न बघता तिच्या शेजारून जायच्या आणि बाळाची बेंबी बघायच्या. राखेच्या कडेला त्यांनी पेनने रेघ मारून ठेवली होती. पहिल्या फेरीला राख रेघेच्या बाहेर गेली. दुसऱ्या फेरीला आणखी थोडी. हर्षल रेघेकडे असा बघत होता की जणू बघण्याने ती अडणार होती. प्रमिलाबाई बाकावर जप करत होत्या. पण जपात त्या काय मागत होत्या ते ऐकलं असतं तर भजनी मंडळाने त्यांना पदावरून काढलं असतं. त्या नातीसाठी ताप मागत होत्या.

ताप आला नाही. वाट्या जात राहिल्या. एकदा बाळाचा श्वास इतका लांबला की परिचारिकेने पेटीचं झाकण उघडलं आणि तळपायाला टिचकी मारली. तेव्हा कृतिकाच्या मनात पहिल्यांदा आलं, की आपण चुकीची वस्तू परत केली. ती पुढची वाटी घेऊन पडद्याआड बसली आणि पिळत राहिली, दूध येईना तरी.

पुढल्या सकाळी परिचारिका पेटीत हात घालून थांबली. पुन्हा हात फिरवला. मग तिने डॉक्टरांना हाक मारली.

पोट कोमट होतं. बेंबीच्या कडेला, रेघेच्या थोडं आत, राखेला गुलाबी किनार आली होती, बारीक, नवीन लुगड्याला असते तशी. दुपारी ती किनार लाल झाली, फुगली, आणि तापमानाचा आकडा चढायला लागला. हिरवा पडदा आधी पिवळा झाला, मग लाल होऊन किंचाळायला लागला. शेजारच्या पेटीवाल्या बाळाचा आजोबा घाबरून उठला. डॉक्टर तडवी मात्र वाकून त्या सुजेकडे बराच वेळ पाहत होत्या, बायका दुसरीच्या दागिन्याकडे पाहतात तशा.

"छान सुजलंय," त्या म्हणाल्या.

ते संकट निराळंच होतं. इतके दिवस तुंबलेली फौज एका वाडीत उतरली. तापाने दोनदा पोरीला झटके आले, आणि डॉक्टर दोन रात्री घरी गेल्या नाहीत. पण आता त्यांना लढाई दिसत होती. औषध कुठे घालायचं, किती घालायचं, हे सूज सांगत होती. बेंबीतून पू आला तेव्हा हर्षलने त्याचा फोटो काढून सुरतेला पाठवला आणि आत्याने त्यावर हृदयाचं चित्र टाकलं. मेलेली कातडी सुटली, खाली लालभडक, ओलसर, नवं मांस दिसलं. आणि मैथिली रडली. आधी मांजरीसारखी, मग माणसासारखी, मग मदतीला कुणी येईल अशी खात्री असलेल्या माणसासारखी.

आठवड्याने नळी निघाली. त्या सकाळी कृतिका वॉर्डातल्या खाटेवर जागी झाली तेव्हा तिच्या बोटांचे सांधे चकाकत होते. तिने मूठ उघडून पाहिली. अर्धी उघडली. पाजायची वेळ झाली होती, पोर भुकेने आकांत करत होती आणि तिला ब्लाउजचा हुक निघेना. ती अंगठ्याने ढकलत राहिली.

प्रमिलाबाई बाकावरून उठल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी सुनेच्या समोर बसून एकेक हुक काढला, पोरीला पदराखाली दिलं, आणि तिच्या पोटावरची पट्टी सरकली होती ती नीट केली. पट्टीला हात लागताच पोरीचं अंग आक्रसलं. प्रमिलाबाईंनी हात मागे घेतला.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं. दोघींपैकी कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हो," कृतिका म्हणाली. "खूप."

मैथिलीने दूध सोडलं, तोंड उघडलं आणि तिनेही सांगितलं, व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.